तांदळाएवढी माणसं

खूप जुन्या काळी, जेव्हा राजे डोंगराच्या पलीकडे राहत आणि मासे धरणारी माणसं डोंगराच्या अलीकडे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी थोडं जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

समुद्राकाठी एक छोटं गाव होतं. त्या गावात सगुणा नावाची बाई राहत होती. नारळाचा काथ्या कुटायचा आणि त्याचे दोर वळायचे, हे तिचं रोजचं काम. पण दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली, की ती माडाच्या सावलीत बसून चित्रं काढायची. कोणी सांगितलं म्हणून नाही, कोणाला द्यायची म्हणूनही नाही. तिला आवडायचं म्हणून.

होड्या बांधताना सुतार फळ्यांचे तुकडे टाकून देत. त्यातला तळहाताएवढा तुकडा ती उचलायची आणि वाळूने घासून गुळगुळीत करायची. शिंपल्या भाजून केलेला चुना पांढऱ्या रंगाला, तांबडी माती, नीळ, हळद आणि दिव्याची काजळी, एवढेच तिचे रंग. हळदीत चुना पडला की पिवळ्याचं लाल होतं, म्हणून त्या दोन करवंट्या ती नेहमी लांब लांब ठेवायची. केवड्याच्या मुळाचं टोक दगडाने चेचलं की झाला कुंचला.

चित्र नेहमी किनाऱ्याचंच. वर आभाळ, मध्ये समुद्र, खाली वाळू. आणि वाळूवर माणसं. कशी? तांदळाच्या दाण्याएवढी! त्यांना डोळे नसत, नाक नसे. पण उभं राहण्याच्या ढबीवरून सगळं गाव त्यांना ओळखायचं.

"ही वाकलेली कोण, मी का गं?" तान्हीआजी विचारायची. गावात तिच्याहून म्हातारं कोणी नव्हतं, आणि तिच्याहून तिखटही.

"होय आजी, तुम्हीच."

"एवढी वाकले मी?"

"थोडी सरळ करू का?"

"नको, राहू दे. सरळ केलीस तर मला वाटेल, माझी सून बसलीय."

मग सगळ्या बायका हसायच्या. संध्याकाळी दारासमोर चित्र ठेवलं की कोणी ना कोणी येऊन आपल्याला शोधायचं, सापडलं की खूश होऊन घरी जायचं. असा तो छंद होता. एकीचा हात आणि साऱ्या गावाची करमणूक.

गावात एक रीत होती. तिथे रापण लावत. म्हणजे लांबलचक जाळं होडीतून समुद्रात सोडायचं आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी ओढायचे. दोराला ज्याचा हात लागला, त्याला माशांचा वाटा मिळायचा. मग तो पैलवान असो, नाहीतर आईच्या पायांशी लुडबुडणारं पोर असो. रापणीच्या म्होरक्याला तांडेल म्हणत. या गावचा तांडेल होता हिरोजी. माणूस मनाने वाईट नव्हता. आवाज मात्र मोठा, आणि त्या आवाजापेक्षा स्वतःबद्दलचं मत मोठं.

सुखाच्या त्या गावाला एक दुःख होतं. खाडीच्या तोंडाशी पाण्यात एक काळा खडक होता. दिवसा तो दिसायचा. पण दूर गेलेल्या होड्यांना परत यायला उशीर झाला, अंधार पडू लागला, की खडक दिसेनासा व्हायचा. बायका माडाच्या झावळ्यांच्या चुडी पेटवून किनाऱ्यावर उभ्या राहत. वारा त्या चुडी विझवून टाकायचा. मागच्याच साली सगुणाच्या नवऱ्याची होडी त्या खडकावर फुटली होती. जानू पोहत पोहत कसाबसा किनाऱ्याला लागला. तेव्हापासून संध्याकाळ झाली की सगुणा हातातलं काम टाकून किनाऱ्यावर जायची.

किनाऱ्यावर दिव्याचा बुरूज हवा होता. पण बुरूज बांधणार कोण? ते राजाचं काम.

आणि एके दिवशी डोंगरापलीकडून दवंडी आली: "ऐका हो ऐका! यंदा राजेसाहेब समुद्रकाठच्या एका गावाला दिव्याचा बुरूज बांधून देणार आहेत. दगड आणि गवंडी एकाच बुरुजापुरते आहेत. प्रत्येक गावाने आपल्या किनाऱ्याचं चित्र पाठवावं. चित्र तळहाताएवढंच असावं!"

राजा दयाळू होता, पण म्हातारा झाला होता. गुडघ्यांमुळे त्याला घाट उतरवत नव्हता. त्याने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. गावोगावची माणसं येऊन आपल्या गावाविषयी इतकं बोलत, की त्याला बोलण्याचा कंटाळा आला होता. म्हणून त्याने ठरवलं होतं, की या खेपेला कानांनी नाही, डोळ्यांनी निवाडा करायचा.

दवंडी ऐकताच सगळं गाव सगुणाकडे वळलं.

"काढ गं बाई," तान्हीआजी म्हणाली. "आजवर हौसेने काढलंस, आता हौसेनेच पण गरजेचं काढ."

सगुणाने उत्तमातली उत्तम फळी निवडली आणि चित्र काढलं. रापण ओढली जातेय. दोन्ही दोरांवर माणसांची रांग. टोपल्या घेऊन भांडणाऱ्या बायका. उघडी पोरं पाण्यात उड्या मारताहेत. तान्हीआजी वाळूत बसून सगळ्यांना सूचना देतेय. आणि दोराच्या टोकाशी हिरोजी तांडेल, एक हात वर, तोंड उघडं.

चित्र पाहून गाव हरखलं. हिरोजीची बायको गोदा सगळ्यात आधी हसली.

"अगंबाई, हे बघा आमचे हे! तांदळाएवढे आहेत तरी ओरडताना ऐकू येताहेत!"

पण हिरोजी हसला नाही. त्याने चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"सगुणावहिनी, हा मी?"

"होय भावोजी."

"राजाच्या हातात हे जाणार, आणि मी त्यात मुंगीएवढा?"

"सगळेच तेवढे आहेत, भावोजी. माणसं मोठी केली तर समुद्र मावणार कुठे?"

"समुद्र थोडा कमी कर. समुद्र काय, सगळ्याच गावांना आहे. तांडेल सगळ्यांना असा आहे का?"

त्याने एकेकावर बोट ठेवायला सुरुवात केली. "ही म्हातारी पूस. राजाला वाटेल, वाटेवर भिकारीण बसलीय. ही उघडी पोरंही पूस, लाज वाटते. या बायका भांडताहेत, शोभतं का राजासमोर? आणि हे दोर ओढणारे सगळे पाठ करून वाकलेत. राजाला काय त्यांच्या पाठी दाखवायच्या? पूस त्यांना. मला जरा मोठा कर, डोक्याला पागोटं घाल. राजाला एक भारदस्त माणूस दिसला, की तो म्हणेल, असं आहे होय हे गाव!"

"पण भावोजी, हे खरं नाही."

"चित्र घेऊन जाणारी होडी उद्या भरतीबरोबर खाडीतून घाटाकडे निघणार आहे. ती माझी आहे. मला पसंत नसलेलं चित्र त्या होडीत चढणार नाही. बघ, काय ते ठरव."

सगुणा घरी आली. जानूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे गं. चित्र कसं का असेना. बुरूज मिळाल्याशी कारण."

सगुणालाही तसंच वाटलं. किंवा तसं वाटून घेणं सोपं होतं म्हणा. तिने वाळूचा रंग कालवला आणि एकेका माणसावर फिरवला. आजी गेली. पोरं गेली. टोपलीवाल्या गेल्या. दोरावरची अख्खी रांग गेली. चित्र काढताना ती नेहमी गुणगुणायची. त्या दिवशी तिच्या तोंडून सूर निघाला नाही. मग तिने हिरोजीला अंगठ्याएवढा केला, पागोटं घातलं आणि हातात दोर दिला.

हिरोजी म्हणाला, "आता कसं छान दिसतंय!"

चित्र डोंगरापलीकडे पोचलं.

राजाने सगळ्या गावांची चित्रं गालिच्यावर ओळीने मांडायला लावली. एकेक पाहत तो या चित्रापाशी आला आणि थबकला.

"अरेरे," राजा म्हणाला. "कारभारी, हे पाहिलंत?"

"काय झालं, महाराज?"

"एवढा मोठा किनारा, आणि हा बिचारा एकटाच! बायको नाही, पोरबाळ नाही, शेजारी नाही. दोर ओढायला दुसरा हातसुद्धा नाही. आणि बघा, पागोटं घालून कसा नटून उभा आहे. कोणीतरी येईल म्हणून वाट बघत असेल हो!"

कारभाऱ्यांनीही निरखून पाहिलं. "खरंच महाराज. तोंडही उतरल्यासारखं वाटतंय."

"हे चित्र तरी कोणी काढलं असेल? त्याचं त्यानेच, दुसरं कोण?" राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका माणसासाठी बुरूज बांधण्यात अर्थ नाही. तो आपण त्या पलीकडच्या चित्रातल्या देवळावाल्या गावाला देऊ. या माणसाला मात्र तिथे ठेवू नका. मेणा घेऊन जा आणि त्याला इथे आणा. आपल्या मुदपाकखान्यात चार माणसांत बसेल, चार शब्द बोलेल. आणि वाटेत त्याला करमावं म्हणून एक पोपट न्या."

झालं! कारभारी निघाले. बरोबर मेणा, मेण्याचे भोई, लाडवांचा डबा, उबदार घोंगडी आणि पिंजऱ्यात हिरवागार पोपट.

घाट उतरून ते किनाऱ्यावर आले, तेव्हा रापण अर्धी ओढून झाली होती. वाळूवर माणसांची ही गर्दी! पोरांचा कालवा, बायकांची भांडणं, आणि सगळ्यांच्या वर हिरोजीचा आवाज, "ओढा रे! अरे ओढा! जेवला नाहीत का?"

कारभारी गोंधळले. त्यांनी पहिल्याच बाईला विचारलं, "बाई, इथे एक निराधार माणूस एकटाच राहतो. तो कुठे भेटेल?"

ती बाई होती गोदा. "एकटा? इथे? अहो, इथे माणसाला एकट्याने शिंकता येत नाही. शिंकलं की सात घरांतून आवाज येतो, काढा घेतलास का?"

"पण राजेसाहेबांनी त्याच्यासाठी मेणा पाठवलाय. पोपट पाठवलाय. हे बघा त्याचं चित्र."

गोदाने चित्र पाहिलं. आधी तिचे डोळे मोठे झाले. मग ती जी हसत सुटली, ती वाळूत बसूनच! चित्र या हातातून त्या हातात गेलं आणि हसू दोरावरून पुढे पुढे गेलं, अगदी टोकापर्यंत.

"अगं बायांनो," गोदा डोळे पुसत म्हणाली, "आमचे हे निराधार झाले! न्या हो, न्या यांना मेण्यातून. तो पोपटही द्या. न कंटाळता ऐकून घेणारं कोणीतरी मिळालं यांना!"

हिरोजी धावत आला. "कोण निराधार? मी गावचा तांडेल आहे!"

कारभाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. "मग हे गाव चित्रात का नाही?"

हिरोजीने मान फिरवली. गाव हसतच होतं. तेव्हा कारभारी हळूच म्हणाले, "राजेसाहेबांना वाटलं, इथे एकच माणूस आहे. म्हणून बुरूज दुसऱ्या गावाला द्यायचं ठरलंय. मी परत गेलो की गवंडी तिकडे निघतील."

हसणं एकदम थांबलं.

सगुणा पुढे आली. "साहेब, माणसं मी पुसली. या हाताने."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती मान खाली घालून उभी राहिली. तेवढ्यात तिच्या शेजारून आवाज आला. नेहमीचा मोठा आवाज नव्हता तो.

"तिने पुसली, पण पुसायला मी लावली," हिरोजी म्हणाला. "ती नको म्हणत होती. मला एकट्याला मोठं दिसायचं होतं. वहिनीला काही बोलू नका."

कोणी काही बोलणार, एवढ्यात दोर सरसर मागे जाऊ लागला. गप्पांच्या नादात सगळ्यांनी हात सोडले होते आणि भरलेलं जाळं समुद्राकडे चाललं होतं!

"अरे दोर!" तान्हीआजी कारभाऱ्यांकडे बघून ओरडली. "पागोटेवाले बाबा, बघत काय राहिलात? धरा! तुम्हीही धरा रे मेण्यावाले! मेणा काय पळून जाणार आहे?"

आणि काय सांगू, राजाच्या कारभाऱ्यांनी खरंच दोर धरला! भोयांनी धरला, हिरोजीने धरला, सगुणाने धरला. पाय वाळूत रुतले, हात लाल झाले. कारभारी दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा पोरांनी त्यांना उठवलं. जाळं वर आलं, चंदेरी माशांनी खचाखच भरलेलं. रीतीप्रमाणे कारभाऱ्यांना एक वाटा, प्रत्येक भोयाला एक वाटा. लाडवांचा डबा पोरांनी कधी संपवला, ते कळलंही नाही. पिंजऱ्यातला पोपट तोवर "ओढा रे! ओढा!" म्हणायला शिकला होता.

ऊन उतरलं. कारभारी निघायच्या बेतात होते, पण त्यांनी पाहिलं, की मघाशी हसणाऱ्या बायका आता गप्प गप्प पाण्याच्या कडेला जमताहेत.

"या कशाला उभ्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"दूर गेलेल्या होड्या अजून यायच्या आहेत," सगुणा म्हणाली. "माझा नवराही त्यात आहे."

बायकांनी चुडी पेटवल्या. वाऱ्याने विझवल्या. पुन्हा पेटवल्या. पलीकडे हिरोजी अंधारात हाका मारत होता. कारभाऱ्यांनीही एक चूड हातात घेतली, ती विझली तेव्हा त्यांनी अंगावरच्या शेल्याचा आडोसा करून पुन्हा पेटवली. शेला थोडा जळला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तेही आता इतरांसारखेच काळ्या खडकाकडे डोळे लावून बसले होते.

शेवटी लाटांतून हाक आली. एक होडी, दुसरी होडी, मग जानूची. सगळ्या आल्या. सगुणाने नवऱ्याला पाहिलं आणि ती पाण्यात धावत जाऊन त्याची होडी ओढू लागली. कारभाऱ्यांनी शेल्याने डोळे टिपले.

"बाई," ते म्हणाले, "उद्या मला दुसरं चित्र काढून द्याल?"

दुसऱ्या दिवशी सगुणा माडाखाली बसली, आणि गाव तिच्याभोवती गोळा झालं. "मला पुढे घे!" "माझी टोपली मोठी काढ!" "मी काल नवं लुगडं नेसले होते!"

"सगळ्यांनी आपापल्या कामाला जा," सगुणा म्हणाली. "मी बोलणारी माणसं काढत नाही, काम करणारी काढते."

तिने कालची संध्याकाळ काढली. काळपट पाणी, त्यात काळा खडक आणि लांबवर तीळभर होड्या. किनाऱ्यावर हातात चुडी घेतलेल्या बायका. ज्यांच्या चुडी विझल्या होत्या, त्याही. आजीला टेकू देणारी सून. आईच्या पदराआड झोपलेलं पोर. गर्दीत शेला धरून उभे असलेले कारभारी. आज तिच्या ओठांवर गाणं होतं.

सगळ्यांच्या मागून हिरोजी आला. पागोटं हातात होतं.

"वहिनी, मला कुठेही घाल. गर्दीत घाल. ओळखू आलो नाही तरी चालेल."

"ओळखू येणारच तुम्ही, भावोजी," सगुणा हसून म्हणाली. "काल अंधारात होड्यांना हाका कोण मारत होतं? जानू म्हणाला, तुमच्या आवाजाच्या रोखानेच ते आले." आणि तिने बायकांच्या शेजारी तांदळाएवढा एक माणूस काढला. दोन्ही हात तोंडाशी, तोंड उघडं.

हिरोजीने ते पाहिलं. या खेपेला त्याने चित्र लांबही धरलं नाही आणि जवळही आणलं नाही. नुसती मान हलवली, आणि चित्र नेणाऱ्या कारभाऱ्यांना स्वतः घाटाच्या पायथ्यापर्यंत सोडून आला.

राजाने नवं चित्र हातात घेतलं. ते उजेडात नेऊन त्याने कोपरान् कोपरा निरखला.

"कारभारी, समुद्र एवढा मोठा असतो?"

"होय महाराज."

"त्या आधीच्या चित्रात मला तो दिसलाच नाही. नुसता माणूस दिसला, आणि तोही केविलवाणा." त्याने किनाऱ्यावरच्या दाण्यांवरून बोट फिरवलं. "ही सगळी कोणाची वाट बघताहेत?"

"घरच्यांची, महाराज. रोज."

राजाने चित्र खाली ठेवलं. "गवंड्यांना सांगा, आधी इथे."

त्या साली काळ्या खडकासमोर दिव्याचा बुरूज उभा राहिला. दगड वाहायला अख्खं गाव आलं, आणि देवळावाल्या गावातली माणसंही आली. कारण पुढच्या साली त्यांच्या किनाऱ्यावर बुरूज बांधायचा होता, आणि तेव्हा हे गाव तिकडे जाणार होतं. हिरोजी रोज सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत मोठा दगड उचलायचा. ओरडायचा तसाच, पण आता लोक ऐकायचेही.

पहिल्यांदा दिवा लागला, त्या संध्याकाळी होड्या खडकाला वळसा घालून एकामागून एक अलगद आत आल्या. वाट बघायची गरज नव्हती, तरी बायका किनाऱ्यावर जमल्याच होत्या. त्या दिवशी त्यांच्या हातात चुडी नव्हत्या. त्या नुसत्या गप्पा मारत बसल्या होत्या.

आणि या गोष्टीचं सांगणं एवढंच: सोबतच्या माणसांना पुसून जो मोठा व्हायला जातो, तो मोठा दिसत नाही, एकटा दिसतो.